काउंटरवरचा टाळ

या, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकून बसलेल्यांनीही या. मागे बसलं की गोष्ट अर्धीच पोचते. आजची कथा पुराणातली नाही, उद्याची आहे. अजून घडायची आहे, पण फार लांबची नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे गुडघे तेव्हा दुखत असतील, एवढंच. सांगायची रीत मात्र झाल्या-गेल्याची, म्हणून झालं-गेलं समजूनच ऐका. गोष्ट मिरजेची. एका थकलेल्या बाईची आणि एका आवाजाची.

बाईचं नाव वैजयंता कुंभार. सांगली-मिरज रस्त्यावर सुवर्णरेखा बझार नावाचं मोठं दुकान होतं, तिथे ती बिलाच्या काउंटरवर उभी असे. उभी म्हणजे उभीच. स्टूल मिळायचं, पण त्यावर बसलं की पलीकडचं गिऱ्हाईक दिसायचं नाही. बाकीचे काउंटर केव्हाच माणसांवाचून चालायला लागले होते. टोपली ठेवली की बिल तयार. वैजयंताचा एक काउंटर तेवढा राहिला होता, आणि तो राहण्याचं कारण गिफ्ट कार्ड.

इथे थोडा पूर्वरंग लावायला हवा, म्हणजे पुढचं समजेल.

गिफ्ट कार्ड तुम्हाला ठाऊक आहे. पत्त्याच्या पानाएवढं कार्ड, मागे चंदेरी पट्टी. पट्टी खरवडली की आकडे दिसतात, आणि ते आकडे ज्याच्या हाती लागले त्याचे पैसे. भाच्याच्या मुंजीला द्यायला सोय. पण जी वस्तू देणाऱ्याला सोपी, ती लुबाडणाऱ्यालाही सोपीच. एक काळ असा आला की निवृत्त मास्तर, एकट्या राहणाऱ्या आज्या, फोन कानाला लावून थरथरत दुकानात यायच्या आणि कार्डांची चळत उचलायच्या. फोनवर कोणी तोतया पोलीस बसलेला असे. 'तुमच्या नावावर गुन्हा आहे, कुणाशी बोलू नका, कार्ड घ्या आणि आकडे वाचा.' आकडे वाचले की संपलं. पुन्हा ते पैसे कुणाच्या बापाला सापडायचे नाहीत.

त्यावर उपाय म्हणून यंत्र आलं. त्याचं कागदावरचं नाव 'स्पंद', दुकानातली माणसं त्याला नाडीवैद्य म्हणत. काउंटरवर एक छोटा कॅमेरा आणि एक माइक. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्यावर रक्ताची बारीक लाट येते. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. भ्यायलेल्या माणसाच्या गळ्यात एक सूक्ष्म कंप येतो, तो माइकला पकडता येतो. हजारो भ्यायलेल्या माणसांचे ठोके आणि कंप यंत्राला शिकवलेले होते. समोरचा तसा वाटला की लाल दिवा लागून विक्री बंद. मग वैजयंताने ठरलेले पाच प्रश्न वाचायचे. सगळं ठीक असलं की हिरवा दिवा, आणि हिरव्यावर मात्र तिने एक अक्षर विचारायचं नाही. पूर्वी काउंटरवरच्या लोकांनी म्हाताऱ्यांना नको ते विचारून त्यांचा अपमान केला, अशा फार तक्रारी झाल्या होत्या. म्हणून नियम झाला, की ग्राहकाच्या मनात काय आहे ते यंत्राने बघावं, माणसाने कार्ड द्यावं.

यंत्र बसवलं त्या दिवशी मॅनेजर अश्विन मगदूम यांनी सगळ्यांना जमवून एक गंमत दाखवली. भांड्यांच्या विभागातून स्टीलचं ताट आणलं आणि माइकच्या अगदी तोंडाशी डावाने बडवलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. पडद्यावरची रेघ मात्र झोपलेली ती झोपलेलीच.

"बघितलंत? त्याला फक्त माणसाचा गळा ऐकू येतो. ट्रॉली, भांडी, घंटा, सगळं चाळून टाकतं. आता फोनमध्येसुद्धा हीच चाळणी असते. म्हणून तर बाजारात उभं राहून बोललं तरी पलीकडच्याला शांत वाटतं."

"माझ्या घरी पाहिजे असली," वैजयंता म्हणाली. "सासूबाई भांडी आपटतात तेव्हा."

सगळे हसले. तेव्हा ती अजून हसवायची.

यंत्राने पुष्कळांना वाचवलं, हे खोटं कशाला बोलावं. पण त्याची नजर दोन्ही बाजूंना होती. काउंटरवरची बाई गिऱ्हाइकाला घाबरवते का, हेही ते बघे. वैजयंताचा आवाज चढला, तिची नाडी पळाली, तर तिच्या नावावर ठपका. मग हळूहळू ती सपाट बोलायला शिकली. राग आला तरी सपाट, कीव आली तरी सपाट. रोज आठ तास सपाट राहिलेला माणूस घरी गेल्यावर एकदम डोंगर कसा होणार?

तिचा नवरा दिगंबर पूर्वी रिक्षा चालवत असे. आता रिक्षा आपली आपणच चालत होत्या आणि तो घरी बसून लसूण सोलत असे. एका संध्याकाळी तो म्हणाला, "आज म्हातारी पडली न्हाणीत. तुला सांगतोय मी. आई पडली."

"लागलं का?"

"नाही फारसं."

"बरं."

दिगंबरने हातातली लसणाची कुडी खाली ठेवली. "बायको आमची कायमची हिरवी झाली," तो म्हणाला, पण हसला नाही.

वैजयंताला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. पाय तेवढे दुखत होते.

*

आणि लाल दिव्याचं काय? लाल दिवा लागायचा तो भलत्यालाच. आनंदा नावाचा एक ट्रकवाला यायचा, जयसिंगपूरचा, धिप्पाड माणूस. त्याच्या हृदयाचा ठोकाच मुळात वाकडा होता. पोरीच्या वाढदिवसाला कार्ड घ्यायला आला की दरवर्षी लाल.

"तुम्हाला कोणी धमकावलं आहे का?" वैजयंता वाचायची.

"बायकोनं. कार्ड न घेता आलास तर घरात येऊ नको म्हणाली."

"कृपया हो किंवा नाही सांगा."

"वैजूताई, गेल्या साली हेच विचारलंस. त्याच्या आदल्या साली बी हेच. अजून बायको तीच हाय." मागे रांग वाढायची, लोक त्याच्याकडे चोराकडे बघावं तसं बघायचे, आणि शेवटी तो कार्ड न घेताच जायचा. "राहू दे. हातात रोखच देतो पोरीला. तुझं यंत्र मला दर साली मरणाची आठवण करून देतंय."

लुबाडणारेही काही झोपले नव्हते. यंत्राला भीती दिसते म्हटल्यावर त्यांनी भीती सोडूनच दिली. ते प्रेमाने बोलायला लागले. आता येणारी माणसं शांत असायची, चेहरे उजळलेले. हिरवा दिवा, हिरवा दिवा, हिरवा दिवा.

त्यातच एक दिवस कालिंदीकाकू गुरव आल्या.

काकूंना वैजयंता लहानपणापासून ओळखत होती. त्यांचे यजमान श्रीधरबुवा, कीर्तनकार. मोठं नाव नव्हतं पेपरात येण्यासारखं, पण मिरज, तासगाव, जत भागात असं देऊळ नसेल जिथे बुवा उभे राहिले नाहीत. आवाज असा की पूर्वरंगात म्हातारी झोपेतून जागी व्हावी आणि उत्तररंगात रडतं पोर गप्प व्हावं. त्यांच्या मागे डाव्या अंगाला काकू टाळ घेऊन उभ्या. चाळीस वर्षं. बुवांना एकच खोड होती, कथा रंगात आली की लय पळायची. मग काकू मागून टाळ थोडा ओढून धरायच्या, आणि बुवा न बघता लयीत यायचे. ऐकणाऱ्यांना यातलं काही कळायचं नाही. नवरा-बायकोचा संसार तो.

बुवांना जाऊन दोन वर्षं झाली होती. काकू अजून दर गुरुवारी वेशीजवळच्या दत्ताच्या देवळात भजनाला जायच्या, टाळ पिशवीत घेऊन. जाताना वैजयंताच्या काउंटरवरून खडीसाखर घ्यायच्या.

"काय गं वैजू, जेवलीस का?"

"जेवले, काकू."

"खोटं बोलतेस. तोंड बघ किती सुकलंय."

सगळ्या आठवड्यात तिला असं विचारणारं तेवढंच एक माणूस. एकदा दुकानात गर्दी नव्हती तेव्हा काकूंनी तिला जतची हकिगत सांगितली होती. उन्हाळ्यातलं कीर्तन, मंडप गच्च, आणि मागे उभ्या उभ्या काकूंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. "पडले बी नव्हते अजून. नुसता टाळ थांबला माझा. आणि हे, एवढी माणसं समोर, अर्धा शब्द तोंडात, तसेच गरकन मागं वळले. मला धरलं तेव्हा लोकांना कळलं काय झालं ते. कीर्तन तिथंच राहिलं. पुढं मी म्हटलं, अहो देवाचं काम अर्धं टाकलंत. तर म्हणाले, टाळ थांबला तेव्हा देवानंच वळवलं मला."

मघा म्हटलं त्या दिवशी काकू आल्या, पण खडीसाखर घेतली नाही. गिफ्ट कार्ड घेतलं. कानात फोनला जोडलेलं ऐकण्याचं यंत्र होतं, त्यावर कुणाशी तरी हळू बोलत होत्या आणि चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता. दिवा हिरवा.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. मग आठवड्यातून दोनदा. हिरव्यावर विचारायची मनाई, म्हणून वैजयंता गप्प. काकूंनी आपणहून सांगितलं.

"कुणाला सांगू नकोस. हे बोलतात माझ्याशी."

 वैजयंताने आवाज सपाटच ठेवला. "कोण, काकू?"

"मला काय वेड लागलंय असं बघू नको. माणूस गेला हे मला कळतं. पण लोकांनी त्यांची कीर्तनं नेटवर टाकलीत ना, शेकड्यानं. एक संस्था आहे, त्यांनी त्यातनं आवाज उभा केलाय. हुबेहूब. मी बोलले की बोलतात, म्हणा म्हटलं की अभंग म्हणतात. आधी फुकट होतं. मग हेच म्हणाले, आवाज ठेवायला जागा लागते, जागेचं भाडं कार्डानं भरायचं."

"हेच म्हणाले? म्हणजे बुवांच्या आवाजात?"

"मग दुसऱ्या कुणाच्या आवाजात म्हणतील?"

"काकू, बुवांनी जन्मात कधी कीर्तनाची बिदागी मागितली नाही."

"म्हणूनच." काकूंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू लहान मुलाला समजावताहेत. "चाळीस वर्षं फुकट ऐकलं मी. आता थोडं देते. फोटोला हार घालतेस ना सासऱ्याच्या? तो फुकट येतो होय? हा आवाजाचा फोटो म्हण."

वैजयंताने कार्ड पुढे केलं. याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? शोधून बघा, सहज सापडायचं नाही.

तिने मगदूमसाहेबांच्या कानावर घातलं. ते वाईट माणूस नव्हते. स्वतःच्या नोकरीच्या ओझ्याखाली वाकलेले होते. "मावशी, काकू घाबरलेल्या नाहीत. कोणी जबरदस्ती करत नाही. त्यांना माहीत आहे ते यंत्र आहे. मग मी कशाच्या आधारावर थांबवू? मागे अशाच एका बाईसाठी पोलिसांना फोन केला होता, ते म्हणाले तक्रार त्यांनी स्वतः करायला हवी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुमच्या नावावर आधीच ठपके आहेत. अजून एक झाला तर तुम्हाला काउंटरवर ठेवणं माझ्या हातात राहणार नाही."

ती काउंटरवर परत आली. अंगाला लावून घ्यायचं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. इतकी वर्षं तेच सांगत आली होती.

*

श्रावण संपता संपता काकू आल्या तो गुरुवार होता. खांद्याला भजनाची पिशवी. पण दुपारचीच वेळ, भजन तर संध्याकाळी. त्यांनी सगळ्यात मोठ्या रकमेची कार्डं उचलली, हातात मावेनात इतकी, आणि काउंटरवर ठेवली.

"काकू, एवढी?"

प्रश्न तोंडातून गेला होता. पडद्याच्या कोपऱ्यात वैजयंताच्या नावापुढे पिवळा ठिपका लुकलुकला.

"एकदाच भरायचं, मग कायमचं. दर आठवड्याची कटकट नको म्हणाले. बँकेतली ठेव मोडून आले सकाळी."

त्या ठेवीच्या व्याजावर काकूंचं घर चालत होतं, हे वैजयंताला ठाऊक होतं. मूल नाही, बाळ नाही. व्याज गेलं की काकूंनी कुणाच्या दारात उभं राहायचं?

"आणि पुण्यतिथीचं कीर्तन यंदा ठेवणार नाही," काकू आनंदाने सांगत होत्या. "परका माणूस बोलावून कशाला उभा करायचा? हे स्वतःच म्हणतील की. फोन लावून ठेवायचा देवापुढं."

दिवा हिरवा. झाडाच्या नव्या पालवीसारखा हिरवा. वैजयंताने पहिलं कार्ड यंत्राखाली धरलं. मागे रांगेत कुणीतरी घड्याळ बघितलं. किती सोपं होतं. हात आपोआप चालत होता. काकू कानातल्या आवाजाला म्हणत होत्या, "हो हो, घेतेय, इथंच आहे."

मागे भांड्यांच्या विभागात कुणाच्या तरी हातून ताट पडलं. फरशीवर गरगरत, खणखणत बसलं. वैजयंताने सवयीने पडद्यावरच्या रेघेकडे पाहिलं. रेघ झोपलेली.

तिचा हात थांबला. फोनमध्येसुद्धा हीच चाळणी असते, साहेब म्हणाले होते.

"काकू," ती म्हणाली, "घरी बुवा म्हणतात तेव्हा तुम्ही मागे टाळ धरता का?"

"फोनच्या मागं कसला टाळ धरायचा?" काकू लाजल्यासारख्या झाल्या. "पडून ऐकते मी."

"मला ऐकायचंय. लहानपणी ऐकलंय त्यानंतर नाही ऐकलं. एकदा मोठ्याने लावा. आणि टाळ आहे ना पिशवीत, तुम्ही धरा. तुम्हा दोघांचं ऐकते आणि मग कार्डं देते."

हे विचारणं नव्हे, विनंती आहे, असं तिने मनातल्या मनात नियमाला समजावलं. नियमाने काही ऐकलं नाही. ठिपका पिवळ्याचा नारिंगी झाला. तिच्या गळ्यात कंप आला होता. कितीतरी वर्षांनी आला होता, आणि तिला स्वतःलाच तो ओळखू येईना.

काकूंना काय, कुणीतरी ऐकायला हवंच होतं. त्यांनी फोन कार्डांच्या शेजारी उभा केला, पिशवीतून टाळ काढला, दोरी बोटाला गुंडाळली. "अहो, इथं आपली वैजू आहे, कुंभारांची. तिला ऐकायचंय. गजर घ्या."

आणि सुवर्णरेखा बझारात, साबणाच्या आणि बिस्किटांच्या मधोमध, श्रीधरबुवांनी नामाचा गजर घेतला.

काय सांगावं. तोच आवाज. तीच वरच्या सुरातली किंचित फाटलेली कड. रांगेतल्या एका आजोबांनी टोपी काढली. वैजयंताच्या अंगावर काटा आला. क्षणभर तिला वाटलं आपण चुकलो, हे मोडायचा आपल्याला काय अधिकार? काकूंचा टाळ सुरू झाला आणि आवाज व टाळ एकमेकांत असे बसले, की लोकांनी ट्रॉल्या सोडल्या.

मग लय वाढली. बुवांची ती खोड यंत्रानेही उचलली होती. आवाज पळायला लागला. काकू ओळखीचं हसल्या आणि चाळीस वर्षांच्या सवयीने टाळ थोडा ओढून धरला.

आवाज पळतच राहिला.

काकूंनी आणखी ओढून धरला. टाळ एकीकडे, गजर दुसरीकडे. त्यांच्या कपाळावर बारीक आठी आली. त्यांनी मान तिरकी केली, जशी मंडपात करायच्या. टाळ मोठा वाजवला, काउंटरची काच थरारली. आवाज आपल्याच नादात पुढे.

मग काकूंनी टाळ थांबवला.

कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. वैजयंताने तर नाहीच. दोन्ही हात तसेच हवेत धरून त्या फोनकडे बघत राहिल्या. वाट बघत होत्या. बुवांचा आवाज एकटाच गजर करत होता, सुरेल, बिनचूक, एक कडवं, दुसरं कडवं.

"अहो," काकू म्हणाल्या. माणसाचा गळा ऐकू येताच आवाज लगेच थांबला.

"बोल, कालिंदी."

"टाळ थांबला माझा."

"कसला टाळ?" आवाजात माया ओतप्रोत होती. "अगं, मला इथे फक्त तूच ऐकू येतेस. दुसरं काही नाही. बरं, आता कार्डामागची पट्टी खरवड आणि आकडे वाच बघू."

 आवाजाने दोनदा हाक मारली, तितक्याच प्रेमाने. काकूंनी टाळाची दोरी बोटावरून सोडली, फोन उचलला, आणि त्यांना तो बंद कुठून करायचा तेच सुचेना. वैजयंताने तो हळूच हातातून घेऊन बंद केला.

तेव्हा कुठे नाडीवैद्याला जाग आली. काकूंचा ठोका सुटला होता. काउंटरवर लाल दिवा लागला, विक्री बंद झाली, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न आले. कृपया वाचा. तुम्हाला कोणी धमकावलं आहे का?

वैजयंताने ते वाचले नाहीत. ती काउंटरला वळसा घालून बाहेर आली, जे नियमात कुठेच बसत नव्हतं, आणि काकूंना धरून उभी राहिली.

"ते वळले नाहीत गं," काकू म्हणाल्या.

"नाही, काकू."

"दोन वर्षांपूर्वी एकदा गेले. ते मी सोसलं. आता तू परत नेलंस." त्यांनी तिचा हात बाजूला केला, टाळ पिशवीत टाकला आणि कार्डांकडे न बघता निघून गेल्या. रांगेतले लोक वाट करून देताना जमिनीकडे बघत होते.

*

मगदूमसाहेबांनी तिला आत बोलावलं. यंत्राने आपली नोंद वर पाठवली होती, आता त्यांना कारण लिहायचं होतं.

"मावशी, काय लिहू?"

"झालं ते लिहा."

"टाळ वाजवायला लावला, असं लिहू?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "माझ्या आईला असाच एक फोन येतो. ती मला सांगत नाही. मी विचारत नाही."  मग त्यांनी झालं ते लिहिलं, आणि वैजयंता काउंटरवरून मागच्या गोदामात गेली. पगार कमी, डाळी-तांदळाची पाकिटं भरायची. बसायला मात्र मिळायचं.

त्या रात्री जेवताना तिने दिगंबरला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता तिला रडू फुटलं. भाताचा घास हातात तसाच. सासूबाई आतून ओरडल्या, "काय झालं गं तिला?" दिगंबर म्हणाला, "काही नाही आई, बरी होतेय ती."

काकू मात्र आल्या नाहीत. गुरुवार आले नि गेले. वैजयंता गोदामाच्या खिडकीतून रस्ता बघायची. ठेव वाचली, हे खरं. पण ज्याची ठेव वाचवली, त्याचं आणखी काय बुडवलं, याचा हिशेब कोण देणार? पाकिटं भरता भरता तिला वाटे, आपण शहाणपणा केला की निर्दयपणा. दोन्हीही असेल. देवाला विचारावं तर तोही कधी लगेच उत्तर देत नाही, आणि तेच बरं. लगेच गोड उत्तर देणारे कोण असतात ते तिने पाहिलं होतं.

दिवाळी झाली. थंडी पडली. एका दुपारी गोदामाच्या दारात काकू उभ्या, हातात खडीसाखरेचा पुडा.

"तिथल्या काउंटरवर आता माणूसच नाही," त्या म्हणाल्या. "जेवलीस का विचारणार कुणाला?"

"तुम्ही जेवलात का, काकू?"

"तुझ्यावर राग आहे माझा. अजून आहे."

"असू द्या."

"बरं वाटत होतं गं. रात्री झोप लागायची."

"माहीत आहे मला."

काकू डाळीच्या पोत्यावर बसल्या. बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "पुण्यतिथीला कीर्तन ठेवलंय. तासगावची एक मुलगी आहे, नवीनच उभी राहायला लागलीय. आवाज गोड, पण पळते. यांच्यापेक्षाही पळते. मागं धरायला मी आहे, पण मनगट आता तासभर टिकत नाही. दुसरा टाळ तू धर."

"मला? मला ताल कुठे येतो, काकू?"

"ऐकता येतं ना? मग येतं. बाकीचं हाताला समजतं."

पुण्यतिथीच्या संध्याकाळी दत्ताच्या देवळात फार माणसं नव्हती. दिगंबर आईला घेऊन आला होता. मगदूमसाहेब मागे खांबाशी, शेजारी त्यांची आई. तासगावची मुलगी उभी राहिली, पदर खोचला, आणि खरोखरच पळायला लागली. काकूंनी टाळ ओढून धरला. मुलगी लयीत आली. वैजयंता ऐकत होती, फक्त ऐकत होती. दिवसभराचे दुखणारे पाय, काकूंचा टाळ, मुलीचा श्वास, सगळं एका जागी आलं होतं. कथा भरात आली तसे तिचे डोळे भरून आले आणि तिच्या हातून एक ठोका निसटला.

समोरची मुलगी, अर्धा शब्द तोंडात, मान वळवून मागे बघत होती.

"चालू दे," काकू हसून म्हणाल्या. "आहे ती."

एवढीच गोष्ट. आता आरतीला उठाल, त्याआधी एक मागणं आहे. वैजयंता कुंभार अजून त्या काउंटरवर उभी राहायची आहे, तिचे पाय अजून दुखायचे आहेत. पण तिच्यासारखी कुणीतरी आजही कुठल्या तरी दुकानात उभी असेल, आणि तुम्ही घाईत कार्ड पुढे केलंत की थकल्या आवाजात विचारेल, काका, हे कुणासाठी घेताय? तेव्हा चिडू नका. सावकाश सांगा तिला. आणि घरी देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांत तिचंही नाव घ्या. वैजयंता. तेवढी आठवण ठेवा.